बादली इलेव्हनचा पायगुण

आमची टीम सलग एकोणीस सामने हरली आणि त्या एकोणीसही सामन्यांना मी जातीनं हजर होतो.

हे मी त्या काळी छाती फुगवून सांगत असे. जिंकणाऱ्या टीमच्या मागे कुणीही जातं हो! हरणाऱ्या टीमच्या मागे दर रविवारी उभं राहायला वेगळ्या मातीचा माणूस लागतो, असं माझं मत होतं. (आईचं मत, ती माती डोक्यात भरलेली असावी लागते, असं होतं.)

हिंगण्याला आमचा बादल्यांचा कारखाना होता. 'आमचा' म्हणजे मी तिथे स्टोअर सांभाळत असे. मालक वेगळे होते आणि त्यांना फुटबॉलचा भारी नाद. त्यांनी पगार देऊन अकरा-बारा खेळाडू ठेवले होते. कागदावर कुणी फिटर, कुणी वेल्डर. प्रत्यक्षात एकालाही पान्हा कुठून धरतात ते ठाऊक नव्हतं. त्यांचं काम एकच, फुटबॉल खेळणं. आणि ते तरी त्यांना येतं, असं म्हणायची हिंमत अख्ख्या नागपुरात फक्त माझ्यात होती.

टीमचं कागदावरचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. लोक मात्र सरळ 'बादली इलेव्हन' म्हणत. समोरच्या टीमचे लोक तर येताना आमच्याच कारखान्याची एक रिकामी बादली घेऊन येत आणि आमच्यावर गोल झाला की तिच्यात एक दगड टाकत. टण्ण! दुसरा गोल झाला की पुन्हा टण्ण! एका सामन्यानंतर ती बादली इतकी जड झाली की दोघांनी धरून रिक्षात चढवली. पण बूड निघालं नाही बरं का! माल मजबूत होता आमचा.

माझी भक्ती मात्र अढळ. रविवारी सकाळी उठलो की पहिलं काम म्हणजे कॅनव्हासचे पांढरे बूट धुऊन त्यांना ओला खडू चोळणं. टीमच्या शर्टाचा रंग पांढरा, म्हणून माझे बूटही पांढरे. ते घालून सक्करदऱ्याच्या तलावापलीकडच्या मैदानावर जायचं आणि आमच्या गोलमागे उभं राहून ओरडायचं. गोलात अंतू असायचा. आमचा गोलकीपर आणि कॅप्टनही तोच. राहायला आमच्या मागच्याच गल्लीत. भरघोस मिशीचा, दाराएवढा माणूस. बॉल सोडून बाकी सगळं अडवायचा.

तर त्या वर्षी वैशाखात माझं लग्न झालं. मी एकच अट घातली होती : मुहूर्त रविवारचा नको. हुंडा नको, मानपान नको, फक्त रविवार नको! उमरेडजवळच्या माझ्या सासरच्यांना वाटलं, पोरगा देवमाणूस आहे. बिचाऱ्यांना काय ठाऊक!

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी बायकोला, म्हणजे कुसुमला, सायकलवर मागे बसवून मैदानावर निघालो. लीगचे तीन सामने उरले होते. गेटपाशी पोचलो आणि तिच्या कोऱ्या साडीचा काठ चेनमध्ये अडकला. मी ओढला, तर फाटला. तुकडा आत गेला, चेन उतरली, चाक जाम! आतून शिट्टी ऐकू आली.

"तू हो पुढे," मी म्हणालो. "गोलमागं उभी राहा. मी आलोच."

'आलोच' म्हणालो खरा, पण त्या चेननं माझा अंत पाहिला. आतून एकदा मोठा गलका झाला. मी मनात म्हटलं, झाला एक आपल्यावर. कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन मी आत शिरलो तेव्हा सामना संपला होता आणि अंतू माझ्याकडे धावत येत होता. मला वाटलं, मारायलाच येतोय.

"मधुकरराव! जिंकलो!"

"काय जिंकलो?" मी विचारलं. हा शब्द आमच्यात वापरातच नव्हता.

"मॅच जिंकलो बापा! एक शून्य! वहिनीनं आत पाय टाकला आन् गोल झाला. हा वहिनीचा पायगुण!"

पायगुण! मी थक्क झालो. अहो, फुटबॉल म्हणजे पायाचाच खेळ. कोच आणून पाहिला, नवे बूट घेऊन पाहिले, हनुमानाला नारळ फोडून पाहिले. पण पायाच्या खेळाला पायगुणच पाहिजे हे आम्हा एकालाही कसं सुचलं नाही?

"अजी, मी तं नुसती उभी होती," कुसुम म्हणाली. पण ऐकतो कोण!

पुढच्या रविवारी तर अंतूनं सगळा विधीच मांडला. गोलच्या रेषेवर तांदूळ भरून ठेवले. माप कुठून आणणार, म्हणून कारखान्याची लहान बादली. "वहिनी, घरात आल्या तेव्हा कसं माप ओलांडलं, तसंच. उजवा पाय!" कुसुमनं पदर सावरला, उजव्या पायानं बादली लवंडली आणि गोलात गृहप्रवेश केला. अकरा खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या. रेफ्री भला माणूस होता. त्यानं घड्याळात पाहिल्यासारखं केलं.

"आता वहिनीले काही खाऊ घाला," अंतू मला म्हणाला. "पायगुण उपाशी नोको राह्याले."

मी गेलो मूंगवडे आणायला. गेटबाहेर एकच गाडी आणि ही लाइन! माझा नंबर आला तेव्हा घाणा संपला होता, नवा घाणा तळून होईपर्यंत जवळजवळ सगळा सामना उरकला. पुडा घेऊन मी आत पाय टाकतो न टाकतो तोच, टण्ण! आमच्यावर गोल. पण आधीचे दोन आम्ही मारले होते! दोन-एकनं जिंकलो. तो एक गोल कुसुमचं लक्ष वड्याकडे गेल्यामुळे झाला, असा निर्णय मी जागच्या जागी देऊन टाकला आणि तो सर्वांनी मानला.

आता एकच सामना उरला होता, आणि तो पावसामुळे दीड महिना लांबला. तो जिंकला तर टीम 'अ' गटात राहणार, हरला तर 'ब' गटात. मालकांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावून स्वच्छ शब्दांत सांगितलं, "हार गये, तो सोमवार से गेट पे मत दिखना."

त्या संध्याकाळी अंतू आमच्या अंगणात येऊन बसला. एवढा आडदांड माणूस, पण आवाज पार खाली गेला होता.

"वहिनी, मले दुसरं काहीच येत नाई हो." (फुटबॉल येतो की नाही, हा वाद मी त्या वेळी काढला नाही.) "लग्न जमून राहिलं माहं. पोरीचा बाप म्हणते, नोकरी असन तं होकार, नाई तं दुसरं घर पाहा. तुमी रविवारी येजा फक्त."

कुसुमला भरून आलं. "येईन मी, भाऊजी. चिंता नोका करू."

आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे शुक्रवारी, दारात मुराळी उभा!

आखाड लागला होता ना. नव्या नवरीनं पहिला आखाड माहेरी काढायचा ही आमच्याकडची रीत, आणि तिला न्यायला भाऊ येतो तो मुराळी. कुसुमचा भाऊ गणपतदादा म्हणजे उमरेडच्या बाजारात उधळलेला बैल शिंगं धरून थांबवणारा माणूस. आवाज मात्र इतका मऊ की लोक आधी फसत.

"जवाईबापू, उद्या सकाळच्या गाडीनं निघतो आमी."

"उद्या? इतली काय घाई, दादा? सोमवारी जा."

"आखाड लागला ना."

"दोन दिवसांनी काय होते?"

"काहून बापा? दोन दिवस कायले पाह्यजे?"

आता काय सांगू? फुटबॉलसाठी, असं सांगितलं असतं तर त्यानं माझीही शिंगं धरली असती. डोक्यात काही येईना. डोळ्यांपुढे फक्त पाय, पाय आणि पाय!

"हिचा पाय मुरगळला!" मी म्हणालो.

त्याच क्षणी कुसुम चहाचे कप घेऊन दोन्ही धडधाकट पायांवर तुरुतुरु बाहेर आली. माझ्याकडे पाहून जागीच थांबली. मग तिला अंतू आठवला असावा, कारण कप खाली ठेवून ती "आई गं!" म्हणत भिंतीला टेकली.

"आत्ता तं विहिरीवरून पाणी आणलं तिनं!" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"त्याच्यानंच मुरगळला!" मी ओरडलो.

"कोणता पाय वं?" दादानं विचारलं.

"डावा," कुसुम म्हणाली.

"उजवा," मी म्हणालो.

दादानं दोन्ही पायांकडे एकेकदा पाहिलं. त्याचा बहिणीवर फार जीव. तो उठून थेट एस.टी.च्या थांब्यावर गेला आणि गावी निरोप धाडला की पाय मुरगळला, येणं दोन दिवस लांबलं. निरोप कंडक्टरनं उमरेडच्या चहावाल्याला दिला, चहावाल्यानं दूधवाल्याला, दूधवाल्यानं गावात. तीन तोंडं बदलेपर्यंत मुरगळलेला पाय मोडला होता.

रविवारी सकाळी सासूबाई हजर!

आता हे नेमकं माझ्याच नशिबी कसं यावं ते पाहा. आमच्या सासूबाई पंचक्रोशीत हाडं बसवण्याबद्दल प्रसिद्ध होत्या. बैलांची जास्त, माणसांची कमी. (बैल घरी जाऊन नावं ठेवत नाहीत.) बगलेत बांबूच्या कामट्यांचा भारा, पिशवीत आंबेहळद. आल्या त्या पाणीही न पिता कुसुमपुढे बसल्या आणि तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. मी श्वास धरून उभा. संपलं, म्हटलं. आता पकडले गेलो!

सासूबाईंनी घोट्यावरून अंगठा फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हाड सरकलं हाये."

"सरकलं?" मला खरंच धक्का बसला.

"मंग! पंचवीस वर्सं झाले हाडं बसवून राहिली मी. मले शिकवता?"

"नाही, पण माय, जास्त नाही दुखत..." कुसुम घाईघाईनं म्हणाली. पण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सासूबाईंनी पाय दोन्ही हातांनी धरून असा काही हिसडा दिला की कुसुमची किंकाळी ऐकून शेजारच्या घरातली बाई लाटणं घेऊन धावत आली.

आणि अशा रीतीनं पाय खरोखर मुरगळला.

वर आंबेहळदीचा लेप, त्यावर कामट्या, त्यावर जुन्या धोतराच्या दहा-बारा घड्या. ज्या पायावर अकरा माणसांच्या नोकऱ्या टांगल्या होत्या तो पाय गाठोड्यात बांधला गेला. "आता एकवीस दिवस पाय जमिनीले लावाचा नाई," सासूबाईंनी सांगितलं.

सामना चार वाजता. घड्याळात दोन. मी अंगणात येरझारा घालतोय, आत सासूबाई आईला बैलाच्या खुब्याची गोष्ट सांगताहेत. शेवटी मी जीव मुठीत धरून आत गेलो. "मी म्हणतो, हिला एकदा डॉक्टरला दाखवून आणतो."

"रविवारी कोणता डागदर?" सासूबाईंचा आवाज चढला.

"मोठे आहेत. पायाचेच. ते... मैदानावर बसतात. खेळणाऱ्यांचे पाय पाहतात."

"मंग मी बी येते. पाहू तं खरं, माह्यापेक्षा काय जास्त सांगते तो!"

"मी बी येतो," दादा म्हणाला.

दोन रिक्षा केल्या. एकीत गाठोड्यासकट कुसुम आणि सासूबाई, दुसरीत मी आणि दादा. तेवढ्या गडबडीतही मी माझे बूट खडूनं चोळून घेतले होते हे मुद्दाम सांगतो. भक्ती म्हणजे भक्ती!

मैदानावर अंतू आमची वाटच पाहत होता. गोलच्या रेषेवर तांदळाची बादली तयार. रिक्षा आत आली, कुसुमचा पाय आधी बाहेर आला आणि अंतू मटकन खाली बसला.

"पायगुणाले कामट्या? कोणं बांधल्या ह्या?"

"हा कोण?" दादानं विचारलं.

"हेच डॉक्टर," मी म्हणालो.

डॉक्टरांच्या अंगात हाफ पँट होती, दोन्ही गुडघे खरचटलेले, बगलेत बॉल. सासूबाई पुढे सरसावल्या. "डागदर, तुमीच सांगा. हाड सरकलं का नाई?"

"माय, हाड गेलं खड्ड्यात! हा पाय गोलात लावा लागते! कामट्या सोडा पयले!"

"सोडा? माह्या हातच्या कामट्या?"

"जवाईबापू," दादा अगदी मऊ आवाजात म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताचं वजन वाढत गेलं. "हे काय होय?"

 शेवटी कुसुमच म्हणाली, "दादा, पाय मुरगळलाच नव्हता. मायनं मुरगळला." मग तिनं अंतूची नोकरी, त्याचं लग्न, मालकाचं बोलणं, पायगुण, सगळं भराभरा सांगून टाकलं. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. दादानं अंतूकडे पाहिलं. अंतू हात जोडून उभा होता आणि मिशीसुद्धा थरथरत होती त्याची.

"मॅच होऊ द्या," दादा म्हणाला. "जवाईबापूले मंग पाहतो."

त्यानं बहिणीला उचललं, गोलपाशी नेलं आणि कुसुमनं गाठोड्यानंच बादली लवंडली. तांदूळ भसकन सगळीकडे पांगले. सामना सुरू झाला. मी नेहमीच्या जागी, अंतूच्या गोलमागे.

पाचव्या मिनिटाला एक बकरी आली.

तांदूळ दिसल्यावर बकरीनं दुसरं काय करावं? ती शांतपणे गोलात येऊन खाऊ लागली. अंतू तिला "हड्! हड्!" करतोय, समोरून बॉल येतोय. "अंतू, बॉल!" मी ओरडलो. अंतूनं वळून बॉलकडे पाहिलं, बकरीनं अंतूकडे पाहिलं आणि बॉल दोघांच्या मधून आत गेला. टण्ण!

बकरीला बाहेर काढलं. तरी दुसरा गोल झाला. या वेळी मधे कुणीच नव्हतं, आमचा एकही खेळाडूसुद्धा नव्हता. टण्ण! हाफ टाइमला शून्य-दोन. अंतू गोलच्या खांबाला डोकं टेकून उभा राहिला.

आणि मग आमच्याच लोकांत कुजबुज सुरू झाली. "पायगुण सरला वाटते." "कसला पायगुण बे, लंगडी आणून बसवली." आणि मागून कुणीतरी म्हणालं, चांगलं ऐकू जाईल असं म्हणालं, "पांढऱ्या पायाची दिसते बाई."

 अवघे दोन महिने झाले होते त्या पोरीला आमच्या घरात येऊन. हा शब्द एकदा चिकटला की बाईच्या आयुष्यातून जात नाही. घरात दूध नासलं तरी तिचे पाय, म्हैस आटली तरी तिचे पाय. आणि ही वेळ तिच्यावर मी आणली होती! पायगुण-पायगुण करत गावभर नाचलो होतो तो मी. 

कुसुमनं ऐकलं होतं. ती दादाचा खांदा धरून एका पायावर उभी राहिली. दोन महिन्यांत तिचा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. त्या दिवशी तलावापलीकडच्या लोकांनीसुद्धा ऐकला.

"कोण बोललं? पुढं ये ना, काहून लपून राहिला? मी सांगते आता. पयल्या मॅचले जिंकले, तवा हे कुठं होते?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "गेटबाहेर! सायकलच्या चेनीत! दुसऱ्या मॅचले कुठं होते? वड्याच्या लाइनीत! वडे घेऊन आत आले आन् तवाच गोल बसला. बसला का नाई, भाऊजी?"

"बसला," अंतू म्हणाला. त्याचे डोळे मोठे होत चालले होते.

"आन् त्याच्या आंधीच्या एकोणीस मॅचले कुठं होते?"

अंतूनं हळूच माझ्याकडे पाहिलं. "इथंच. माह्या मांगं. हरेक मॅचले."

"मंग खाली पाहा ना! पाहा पांढऱ्या पायाचं कोण हाये ते!"

सगळ्या मैदानानं खाली पाहिलं. मीही पाहिलं. चहूकडे पिंडरीपर्यंत चिखल आणि त्या चिखलात एका दगडावर, सकाळीच धुतलेले, खडू चोळलेले, पांढरे शुभ्र माझे दोन पाय!

 रेफ्रीसुद्धा माझ्या पायांकडे पाहत होता.

"बूटं काढून घे त्याचे!" पहिल्यांदा आवाज फुटला तो सासूबाईंना. कामट्यांचा सगळा राग त्यांनी त्या बुटांवर काढला. आणि दादानं मला उचललं. बैलाला उचलत नाहीत, फक्त थांबवतात, अशी माझी समजूत होती. पण हा माणूस दोन्ही करू शकत होता. त्यानं मला गेटबाहेर आणून सायकल स्टँडवर ठेवलं, मैदानाकडे पाठ करून, आणि स्वतः शेजारी बसून माझी मान पकडली.

मी अनवाणी बसलो होतो. आत शिट्टी झाली. माझी टीम, माझी एकोणीस पराभवांची टीम आत खेळत होती आणि मला दिसत होत्या फक्त सायकली!

थोड्या वेळानं गलका झाला. मी डोळे मिटले आणि 'टण्ण'ची वाट पाहू लागलो. आता येईल. आता येईल. आलाच नाही!

"दादा! टण्ण नाही झालं!"

"चूप बसा."

"दादा, म्हणजे आपण मारला! दोन-एक!"

"हालू नोका म्हटलं ना."

पुन्हा गलका. मी कान टवकारले. टण्ण नाही! दोन-दोन! माझी मान आपोआप गेटकडे वळू लागली. दादाची पकड घट्ट झाली.

"फक्त एका डोळ्यानं पाहतो, दादा! तुमच्या पाया पडतो!"

"अर्ध्या बी नाई. अंतूचं लग्न जमून राहिलं ना बापा." आणि मी पाहतो तर दादाच्या डोळ्यांत पाणी! त्यालाही आत जाऊन बघायचं होतं हो. पण मला सोडून जायची सोय नव्हती. मग आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून बसलो, मैदानाकडे पाठ करून, आणि कान देऊन ऐकत राहिलो.

तिसरा गलका झाला तेव्हा भिंतीच्या आतून बादली उडून आमच्यापुढे पडली. रिकामी. मागोमाग शिट्टी. तीन-दोन!

टीम राहिली, नोकऱ्या राहिल्या, अंतूचं लग्न झालं. कुसुम सोमवारी माहेरी गेली आणि आखाड सरल्यावर दोन्ही पायांवर परत आली. गोलमागची माझी जागा अंतूनं तिला कायमची दिली. मी तिला दर रविवारी सायकलवर मैदानापर्यंत नेऊन सोडायचो आणि स्टँडवर बसायचो, काळे बूट घालून. टीम कधी जिंकायची, कधी हरायची. हरली की मी बाहेर नेमका कुठे होतो याची चौकशी व्हायची. एकदा मी भिंतीच्या फार जवळ उभा होतो असं निघालं, तेव्हापासून मला रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली जागा नेमून देण्यात आली.

पंधरा वर्षांनी अंतूनं खेळणं सोडलं. मैदानावर निरोपाचा कार्यक्रम झाला. हार झाले, मालकांचं भाषण झालं आणि मग अंतू उठला.

"माह्या नोकरीत सगळ्यात मोठा वाटा मधुकररावचा," तो लाऊडस्पीकरवरून म्हणाला.  "पंधरा वर्सं झाले, हा माणूस एकाही मॅचले आला नाई. टीमसाठी इतलं कोण करते, सांगा?"

टाळ्या थांबता थांबेनात. मी कडुनिंबाखालूनच हात जोडले.